सायबाचा उतार

१३ जानेवारी १९४६

बार्शीच्या औषधवाल्यानं ही डायरी फुकट दिली. दर पानाच्या डोक्यावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, त्यामुळे मनातलं काही लिहायला घेतलं की आधी घसा खवखवतो. पण कोरा कागद वाया घालवणं वाण्याच्या रक्तात नसतं. शिवाय मागच्या लग्नसराईपासून जे पोटात आहे ते कुठंतरी ओकायला हवं. बायकोजवळ ओकलो तर ती हसते.

मागच्या वैशाखात आमच्या ईट गावच्या वेशीत माझं नाक कापलं गेलं. आमच्याकडची रीत अशी, की नवरदेवाकडचा बँड आणि नवरीकडचा बँड वेशीत समोरासमोर उभे राहतात. एकानं एक चाल वाजवायची, मग दुसऱ्यानं. एकदा वाजलेली चाल, मग ती कुणीही वाजवलेली असो, पुन्हा वाजवायची नाही. ज्याच्या चाली सरल्या त्यानं बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याच्या मागून गावात शिरायचं. इकडं खाजाभाईंचा बँड आणि पुढं क्लॅरिनेट घेऊन मी. तिकडं बार्शीचा बँड आणि पुढं बलभीम. मी घामाघूम होऊन एक चाल सुरू केली, आणि चार सूर वाजतात न वाजतात तोच सगळी वेस ओरडली, "झाली! झाली! ही मगाशीच झाली!" आपल्याच गावात आम्ही परक्या बँडच्या मागून शिरलो.

खाजाभाई तेव्हा मला काही बोलले नाहीत. पुढचे दात पडल्यापासून त्यांना स्वतःला फुंकता येत नाही. भुसाराच्या दुकानात बसणाऱ्या वाण्याच्या पोराच्या हातात त्यांनी क्लॅरिनेट दिलं आणि त्यापायी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, शिव्या खाल्ल्या. परवा मात्र म्हणाले, "पंचाक्षरी, पाटलांच्या पोरीचं लगीन वैशाखात हाय. नवरदेव बार्शीचा, म्हंजी पुन्यांदा बलभीमच येनार. ह्या बारीला बी वेस सोडावी लागली, तर बाजा इकून टाकतो. बार्शीवाले घ्यायाला टपल्यालेच हायेत." माझं क्लॅरिनेटही त्यांचंच आहे. ते गेलं की मी नुसता वाणी.

काल बार्शीच्या बाजारात जुन्या सामानवाल्याकडे ग्रामोफोनची एक प्लेट दिसली. लढाई संपल्यावर लष्कराच्या गोदामातून जे विकायला निघालं त्यातली. वरचा कागद फाटलेला. "गोऱ्या सोजिरांचं नाचायचं हाय, जाझ का कायसं म्हंत्यात. क्लॅरिनेट हाय बगा त्यात," तो म्हणाला. क्लॅरिनेट म्हटल्यावर माझा हात खिशात गेलाच.

येताना करोडगिरीचा नाका. निजामाच्या हद्दीत शिरताना गाठोडं सोडून दाखवावं लागतं, आणि प्लेटीवर जकात किती हे त्या नाकेदाराच्या लहरीवर. मेव्हणीनं दिलेल्या पापडांच्या चळतीत मी प्लेट मधोमध घातली. नाकेदारानं वरून बोट दाबून बघितलं, खालून बघितलं, आणि दोन पापड काढून घेऊन सोडून दिलं. घरी आल्यावर बघतो तर प्लेट शाबूत आणि पापडांचा चुरा. बायको, महादेवी, अजून पापडांसाठी हळहळतेय.

१६ जानेवारी

ग्रामोफोन आमच्याकडे लग्नापासून आहे. सासऱ्यांनी नळदुर्गाहून बैलगाडीत गवत अंथरून पाठवला, आणि त्याबरोबर दोन आज्ञा. चावी कधी पुरी द्यायची नाही, आतली स्प्रिंग जुनी आहे, तुटेल. आणि सुई मध्येच टेकवायची नाही, प्लेट खरवडते; नेहमी पहिल्यापासून लावायची. सासऱ्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. आमच्याकडे भजनाच्या दोन प्लेटी आहेत. दोन्हींवरचे बुवा शेवटाला दमतात, त्यांचा आवाज खाली येतो. वय झालं असेल बिचाऱ्यांचं.

आज ही नवी लावली. आधी सगळी वाद्यं एकदम बोलतात, ते मला फारसं कळलं नाही. मग सगळे गप्प होतात, मागं नुसता ढोल आणि कसलंसं जाड तंतुवाद्य घुमत राहतं, आणि क्लॅरिनेट एकटं सुटतं. मघाची चाल घेतं, पण ती वाजवतच नाही. तिच्या आजूबाजूनं फिरतं, वरून उडी मारतं, खालून येऊन तिला टपली मारतं. एका चालीतून किती निघाल्या! मी तोंड उघडं टाकून बसलो होतो.

महादेवी म्हणाली, "अवो, ह्याला घरी जायाची वाट घावंना का?"

तिला काय कळतंय. मी ठरवलं, हे सगळं जसंच्या तसं उचलायचं. वैशाखात बलभीमच्या तोंडावर हे फेकलं की बघायलाच नको.

२९ जानेवारी

नुसतं ऐकून बोटात बसेना, म्हणून लिहून घ्यायला लागलो. सरगमेत, खाजाभाईंनी शिकवलं तसं. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. पण हा साहेब एका दमात इतके सूर सांडतो की वेचेवेचेपर्यंत पुढचं सांडलेलं असतं. एक ओळ लिहायची तर अख्खी प्लेट पहिल्यापासून. दुपारी दुकान मिटल्यावर बसतो ते अप्पा खाकरेपर्यंत. शेजारच्या सिद्धम्माकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "पंचाक्षरी, त्या मान्साला काय पायजे ते येकदा देऊन टाक की रं, म्हंजी गप बसंल!"

प्लेट घरात इतकी वाजते की महादेवी ज्वारी निवडता निवडता ती गुणगुणायला लागलीय, आणि तेही साफ चुकीचं. साहेब जिथं सरळ वर जातो तिथं ही वळसा घेऊन खाली येते. पुन्हा तीच जागा आली की तिसरंच काहीतरी. मी कागद आणून, एकेक सूर म्हणून दाखवला.

"आसंच तर म्हनले की," ती म्हणाली, आणि पुन्हा निराळं म्हटलं.

एकेकाला कान नसतो. काय करणार.

१० फेब्रुवारी

आज शेवटाला पोचलो, आणि पेन्सिल तिथंच अडली.

शेवटाला साहेब जे करतो ते लिहायला सरगमेत खूणच नाही. सगळं वादन हळूहळू खाली उतरायला लागतं. एखादा सूर नव्हे, सगळंच्या सगळं. लयही जड होत जाते. मागचा ढोलवाला, तो जाड तंतुवाद्यवाला, सगळे त्याच्याबरोबर उतरतात, कुणी पुढं पळत नाही की मागं रेंगाळत नाही. काय तो मेळ! भजनातले बुवा दमतात. हा दमत नाही. हा जाणूनबुजून उतरतो. सगळा आनंद करून झाल्यावर घरी परतताना माणूस गप्प होतो, तसं काहीतरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

कागदावर मी एक तिरपी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "इथून सायबाचा उतार."

१९ फेब्रुवारी

उतार जमत नाही. ओठ सैल सोडला की क्लॅरिनेट रेडकासारखं हंबरतं. अप्पा दुकानातून ओरडले, "गिऱ्हाईक पळवायचं आसंल तर सरळ कुलूप लाव की दाराला!"

५ मार्च

थोडा जमला! नुसता ओठ सैल सोडून भागत नाही, भोकावरचं बोटही अगदी हळू सरकवत उचलायचं. गालफडं भरून आलीत, जेवताना भाकरी चाववत नाही. पण दिवसातून एकदा तरी तो उतार खरा लागतो.

आज खाजाभाई आले. तरुणपणी ते सिकंदराबादच्या छावणीत बँडात होते, असल्या प्लेटी त्यांनी पुष्कळ ऐकल्यात. डोळे मिटून ऐकत होते. उतार आला तसे त्यांनी डोळे उघडले. आधी ग्रामोफोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चावी कितीक देतोस रं बेटा?"

"थोडीच, चाचा. पुरी द्यायची न्हाय म्हणून सासऱ्यांनी बजावलंय."

"हौ," ते म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. उपरण्यानं डोळे पुसले. साहेबानं म्हाताऱ्यालाही रडवलं म्हणायचं. मी त्यांना या डायरीवरच्या औषधाचं नाव सांगितलं.

मग म्हणाले, "आता तू वाजीव." मी उतार वाजवला. या वेळी ते खोकले नाहीत. पुन्हा एकदा वाजवायला लावलं. उठताना म्हणाले, "चावी हाय तेवडीच देत जा. ज्यास्ती नक्को."

माझ्या सासऱ्यांचा शब्द उस्तादही मानतात, याचं मला बरं वाटलं.

२१ मार्च

वीरप्पा आमचा ढोलवाला, माझ्याबरोबर शाळेत होता. उताराला ढोलही उतरायला हवा, हे त्याच्या टाळक्यात उतरवता उतरवता माझाच जीव उतरला.

"लय धरू का सोडू, येक काय ते सांग," तो म्हणाला.

"धर, आन् हळूहळू सोड."

"म्हंजी बैल झोपत चालल्यागत?"

"बैलाला कशाला मधी आनतोस? सायबाचा ढोलवाला बघ की."

"त्येला पगार आसंल."

आज मात्र जमलं. खळ्यावर आम्ही सगळे मिळून उतरलो, झांजा आणि तुताऱ्यांसकट. रस्त्यानं सिद्धम्माकाकू डोक्यावर पाटी घेऊन तरातरा निघाल्या होत्या. आमचा उतार सुरू झाला आणि त्यांची पावलं जड झाली. थांबल्याच. मग आपण का थांबलो ते त्यांनाच कळेना, म्हणून आम्हाला शिव्या देऊन गेल्या.

१७ एप्रिल

येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला गेलो. महादेवीला बांगड्या भेटल्या, मला बलभीम.

एवढ्या उन्हात सोनेरी पट्ट्यांचा कोट घालून तो चहाच्या दुकानात बसला होता. "या शेट, बसा," म्हणाला. "मंग, वैशाखात वेशीत गाठ हाय न्हवं? ह्या बारीला चाली गठुड्यात बांधून आना. आन् खाजाभाईंना म्हनावं, ढोलाला नवं कातडं कशाला घालता, बाजा आमच्याकडं आला की आमीच घालून घिऊ."

ढोलाबद्दल बोलला तेव्हा माझं डोकं फिरलं. पण खिशात साहेबाचे कागद होते. मी वरवर इतका शांत राहिलो की तो जरा बावरलाच. मग मला हसू आवरेना आणि चहा नाकातून आला. ते सोडलं तर माझा रुबाब चांगला होता.

२८ एप्रिल

आज माझं सगळं मुसळ केरात गेलं.

भूमच्या बाजारातून माल घेऊन परतलो. गल्लीतच प्लेट ऐकू आली. घरात कुणी लावली म्हणून बघतो, तर ग्रामोफोनसमोर अप्पा. ज्यांनी त्या यंत्राला कधी बोट लावलं नाही ते अप्पा, हाताची घडी घालून, ताठ. महादेवी दाराआड उभी राहून मला गप्प राहायची खूण करत होती.

मी उताराची वाट बघत उभा राहिलो. उतार आला नाही. साहेब सरळ गेला. तसाच तरतरीत, चढा, उड्या मारत शेवटापर्यंत गेला आणि खाडकन थांबला.

"अप्पा, उतार कुठाय?"

"कसला उतार? चावी अर्दीच दिल्याली व्हती. म्या पुरी दिली. माप द्यायाचं तर भरून द्यावं, धान्याचं आसू का गान्याचं."

स्प्रिंग तुटली नव्हती. मी आधीची चावी उतरू दिली, मग थोडी चावी देऊन प्लेट लावली: उतार. पुरी देऊन लावली: उतार नाही. भजनाची प्लेट पुरी चावी देऊन लावली. बुवा तरणेबांड झाले.

साहेबानं उतार कधी वाजवलाच नव्हता. मी सगळा हिवाळा एका ढिल्या स्प्रिंगकडे शिकवणी लावली होती.

२९ एप्रिल

खाजाभाईंकडे गेलो. ओट्यावर तुतारी घासत बसले होते.

"चाचा, तुमाला ठावं व्हतं."

"हौ."

"मग सांगितलं का न्हाय? आख्खी गल्ली हसंल मला! वीरप्पा हसंल! येका यंत्राला दम लागत व्हता, आन् मी त्येची नक्कल करीत बसलो!"

"सांगितलं आस्तं तर शिकला आस्तास का ते?" त्यांनी तुतारी खाली ठेवली. "छावनीत म्या लई क्लॅरिनेटवाले आयकले बेटा. गोरे बी, काळे बी. आसं उतरनारा येक बी न्हवता. यंत्र नुस्तं ढिलं पडलं. वाजीवलं तू."

गोड बोलून म्हाताऱ्यानं गंमत केल्याची भरपाई केली. मी चहा न घेता उठलो. आता ठरलं. उतार बंद. साहेब खरा जसा वाजवतो तसाच वाजवायचा, पुरी चावी देऊन, कागदाबरहुकूम. खोट्याच्या नादी लागलो तेवढं पुरे.

५ मे

शेवटचा भाग नव्यानं लिहून पाठ केला. सगळं बिनचूक येतं. कुणी मध्यरात्री उठवलं तरी येईल. मग पुन्हा पुन्हा का वाजवून बघतोय?

महादेवी चुलीपुढं गुणगुणत होती. तिच्या त्याच चुका, आणि शेवटी तो मेला उतार. मी ओरडलो, "आता तरी बरोबर म्हन! तसं न्हाय ते!"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "मला काय वेशीत हुबं ऱ्हायाचंय? मला जसं ग्वाड लागतं तसं म्हनते. तुमी म्हना तुमच्या सायबाचं." मग कानडीत काहीतरी पुटपुटली. ती कानडीत गेली की मी विचारत नाही.

जेवताना मीठ मागितलं तर बरणी सरकवली, हातानं वाढलं नाही.

१२ मे

आज वेशीत झालं ते रात्रीच लिहायला बसलोय.

ऊन उतरायला वऱ्हाड वेशीत आलं. नवरदेव घोड्यावर, त्याच्या पुढं बार्शीचा बँड, बलभीम त्या कोटात. अलीकडं आम्ही. माणसं वेशीच्या भिंतीवर चढून बसलेली, बायका खाली, त्यांत महादेवीही. खाजाभाईंना उभं राहवत नाही, म्हणून ते ओट्यावर काठी धरून बसले होते. त्यांनी नवा फेटा बांधला होता. बाजा विकायची पाळी आलीच तर त्या दिवशी निदान नीट दिसावं म्हणून असेल. मला त्या फेट्याकडे बघवेना.

चाली सुरू झाल्या. त्यांची एक, आमची एक. देवाच्या झाल्या, लग्नाच्या झाल्या, तमाशाच्या झाल्या, सिनेमाच्या झाल्या. माझं गाठोडं हलकं होत होतं, पण मी घाबरलो नव्हतो. खिशात साहेब होता. साहेबाला मी शेवटासाठी ठेवलं होतं.

आता त्यांची पाळी. बलभीमनं माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि फुंकलं.

पहिल्या दोन सुरांतच मी ओळखलं. माझी प्लेट. तोच साहेब, तीच उडी, तीच टपली. एकही सूर इकडचा तिकडं नाही. बार्शीच्या त्या जुन्या सामानवाल्याकडे तसल्या प्लेटींची चळत असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शेवटही त्यानं साहेबासारखाच केला, तरतरीत आणि चढा. त्याच्या ग्रामोफोनची स्प्रिंग चांगली असावी. लोकांनी फेटे उडवले.

झाली. माझ्या खिशातले सगळे कागद त्या एका चालीत वाजून गेले. आता मी त्यातला एक सूर लावला तरी वेस ओरडणार. दुसरी चाल माझ्याकडे नव्हती. वीरप्पा टिपऱ्या वर धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खाजाभाईंकडे बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मागच्या वर्षीही ते तसेच बसले होते, आणि तेवढं मला सहन होईना.

मी फुंकलं. काय वाजवायचं ते ठरवलं नव्हतं, खरंच सांगतो. एक सूर लावला, ओठ कापत होता म्हणून तो सूर जागेवर राहीना. खाली जायला लागला. मी म्हटलं, जा. बोट सैल सोडलं. वीरप्पानं ते ओळखलं आणि ढोल जड केला. झांजा उतरल्या. मी बंद केलेला उतार आपल्या पायांनी चालत आला.

पण खाली पोचल्यावर पुढं काय? कागदावर उतारानंतर काहीच नव्हतं, तिथं प्लेट संपते. थांबलो असतो तर हरलो असतो. मी एक वळसा घेऊन वर चढलो. मध्येच पुन्हा खाली आलो. पुन्हा त्याच जागी पोचलो तर दुसऱ्याच वाटेनं गेलो. कुठून येत होतं ते कळत नव्हतं, पण येत होतं आणि ओळखीचं वाटत होतं, मला कुणीतरी ते आधीच सांगून ठेवल्यासारखं. वेस "झाली! झाली!" म्हणायला तोंड उघडून बसली होती. पण कशाला झाली म्हणणार? तीच जागा यायची आणि दर वेळी निराळी असायची. नवरदेवाचा घोडा मान खाली घालून हळूहळू थांबला. बार्शीकडच्या ढोलवाल्याची बोटं आमच्या लयीवर हलायला लागली, त्याला बलभीमनं कोपर मारलं.

किती वाजवलं ठाऊक नाही. थांबलो तेव्हा सगळे बलभीमकडे बघत होते. बलभीमनं क्लॅरिनेट ओठाला लावलं. काढलं. पुन्हा लावलं. त्यानंही साहेबाला शेवटासाठीच ठेवलं असावं. मग ते खाली धरलं, आणि आपल्या माणसांना हातानं बाजूला व्हायची खूण केली.

त्यानंतरचा गोंगाट मला आठवत नाही. खाजाभाई ओट्यावरून उतरले, काठी कुणाच्यातरी हातात दिली, झांजवाल्याकडून झांजा काढून घेतल्या आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागले. बोळकं उघडं टाकून हसत होते, गालांवर पाणी. मीही रडत होतो, त्यामुळे फुंक नीट बसेना. पण आता कुणी ऐकत नव्हतं, सगळे नाचत होते.

आमच्या दुकानावरून गेलो. अप्पांनी दुकान मिटलं नव्हतं. पण गादीवर नव्हते, पायरीवर येऊन उभे होते, आणि समोर तागडीत अर्धवट भरलेलं माप तसंच ठेवून एक गिऱ्हाईकही त्यांच्याशेजारी उभं होतं.

१३ मे

सकाळी दार उघडलं तर बलभीम. बार्शीला गेलाच नव्हता. कोट काखेत, डोळे तांबडे.

"शेट, येकच इचारतो आन् जातो. कुटल्या प्लेटीवरचं ते?"

"प्लेट न्हाय."

"आसं करू नगा. मी बी मानूस हाय. रातभर झोप न्हाय मला. प्लेट देऊ नगा, नुस्तं वाजवा. मी लिव्हून घेतो." त्यानं खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. कागदावर सरगम लिहिलेली होती; खाली टिंब, वर टिंब, अगदी माझ्यासारखीच. बिचाराही माझ्यासारखाच एकेका ओळीला प्लेट पहिल्यापासून लावत बसला असणार. त्याच्यावर धरलेला सगळा राग त्या टिंबांपाशी विरघळला.

मी क्लॅरिनेट काढलं आणि वाजवलं. तो थोडं लिहून थांबला.

"हे कालचं न्हाय."

पुन्हा वाजवलं.

"हे बी न्हाय. थट्टा करताय व्हय?"

मी शपथ घेतली. काल मी काय वाजवलं ते मला खरंच आठवत नव्हतं. उतार येत होता, पण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं दर वेळी निसटत होतं. बलभीमनं पेन्सिल कानावर खोचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एकदा चांगलं वाजलं आणि तेही हरवलं.

तेवढ्यात चुलीकडून महादेवी म्हणाली, "आवो, आसं व्हतं ते." मिठाची बरणी सरकवली त्या दिवसापासून ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. आणि भाकरी थापता थापता तिनं म्हणायला सुरुवात केली.

सगळं होतं. थरथरणारा पहिला सूर होता, उतार होता. आणि मग तो वळसा. ज्वारी निवडताना ती जो घ्यायची आणि मी कागद घेऊन ज्याच्यावर ओरडायचो, तोच. त्याच्यापुढं दुसरी चूक, त्याच्यापुढं तिसरी. सगळ्या हिवाळ्यात मी जेवढ्या दुरुस्त करत होतो तेवढ्या एकामागून एक आल्या, आणि एकेकीला मी ओळखत होतो. मी वेशीत उभा राहून माझ्या बायकोच्या चुका वाजवल्या होत्या. मला लाज वाटली, हसूही आलं, आणि उठून तिच्या पिठाच्या हातांसकट तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण बलभीम बसला होता.

तो घाईघाईनं लिहीत होता. "वैनी, जरा सावकाश."

"सावकाश म्हनलं तर भाकर करपंल," ती म्हणाली.

मी फडताळातून माझी पेन्सिल काढली आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसलो. "महादेवी," मी म्हणालो, "पुन्यांदा म्हन की. पयल्यापासून."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पुन्हा म्हटलं. ते निराळंच होतं.

बलभीमनं हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"लिव्हा," मी म्हणालो.